कामाचा मानसिक भार मोजायचा कसा? कापूस वेचणीपासून लाइनमनपर्यंत

"कामाचं टेन्शन आहे का?" असं विचारत विदर्भातल्या एखाद्या गावात फिरलं, तर काय उत्तरं येतील ते आधीच सांगता येतं. पंचायतीतला कर्मचारी म्हणेल, "भल्ला लोड आहे." वेचणीवरून आलेली बाई म्हणेल, "आमाले कायचं टेन्शन बाप्पा, काम तं कराच लागते." एवढ्यावरून कुणी तक्ता मांडला की पहिल्याचं काम जड आणि दुसरीचं हलकं, तर तो तक्ता फेकून द्यायच्या लायकीचा असेल. त्या प्रश्नाने कामाबद्दल काहीच मोजलेलं नाही. स्वतःच्या कामाबद्दल 'टेन्शन' हा शब्द वापरायची सवय कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढंच त्यातून कळलं.

म्हणून या विषयात पहिलं काम म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करणं. काम माणसाकडून काय मागतं, तो भार. त्याचा माणसावर जो परिणाम होतो, तो ताण. "रात्री कामाचा फोन येतो का?" हा भाराचा प्रश्न आहे, "रात्री झोप लागते का?" हा ताणाचा. दोन्ही प्रश्न एकाच बेरजेत टाकले की नंतर भारामुळे ताण वाढतो असं 'सिद्ध' करणं फारच सोपं होतं, कारण दोन्हीकडे तीच गोष्ट मोजलेली असते. अशी सर्वेक्षणं कमी नाहीत.

भाराचं पहिलं गाजलेलं माप रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाचं. अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती घेऊन त्याने 1979 साली मांडलं की नुसता भार माणसाला मोडत नाही. भार जास्त आणि कामावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी घातक ठरते. भार जास्त पण ताबाही जास्त असेल, तर माणूस त्या कामात शिकतो, वाढतो. 1988 मध्ये जेफ्री जॉन्सनने त्यात तिसरी बाजू जोडली, ती म्हणजे सोबत्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. योहानेस झिगरिस्ट या जर्मनीतल्या अभ्यासकाने 1996 मध्ये दुसरीच वाट धरली: किती कष्ट ओतले आणि बदल्यात पैसा, मान, नोकरीची खात्री यांपैकी काय मिळालं, याचं गुणोत्तर.

कारासेकच्या पद्धतीत मानसिक भारासाठी मुख्य प्रश्न पाच होते. काम फार वेगाने करावं लागतं का, फार नेटाने करावं लागतं का, कामाचा ढीग जास्त आहे का, पुरेसा वेळ मिळतो का, आणि परस्परविरोधी हुकूम येतात का. पाचांची बेरीज म्हणजे मानसिक भार. कारखाना आणि ऑफिस यांच्यापुरतं हे चाललं. पण जिथे दहा तऱ्हेची कामं शेजारी शेजारी चालतात, तिथे ही बेरीज फसते. वेग ही एक गोष्ट आहे आणि कामाचा ढीग ही दुसरी. शिवाय मेलेल्या बाळाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलणं हाही कामाचा भाग असतो, तो या पाचांत कुठेच नाही.

ही उणीव भरायला डेन्मार्कमध्ये टागे क्रिस्टेन्सेन आणि विल्हेल्म बोर्ग यांनी 1997 च्या सुमारास 'कोपसॉक' ही प्रश्नावली तयार केली. कोपनहेगनची मनोसामाजिक प्रश्नावली असं तिचं पूर्ण नाव. तिच्यात भाराचे प्रकार वेगवेगळे मोजतात. पुढे तिची दुसरी आणि तिसरी आवृत्ती आली, आणि आज बऱ्याच देशांत तीच वापरतात. खाली जे प्रकार आणि जी गुण देण्याची रीत आहे ती मुख्यतः तिच्याच वळणाची आहे. उदाहरणं मात्र आपल्याकडची.

ढीग आणि वेग

कामाचं प्रमाण म्हणजे हातात असलेला वेळ आणि करायचं काम यांचं जमतं का. काम साचतं का, मागे पडतं का, निपटतं का. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतला मास्तर चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती एकाच दिवसात सांभाळतो. त्याचा हा भार मोठा असतो. अतिवृष्टीनंतर पंचनामे करणाऱ्या तलाठ्याचाही तसाच, फक्त तो वर्षातले काही आठवडे.

वेग म्हणजे हात, पाय, डोळे कोणत्या गतीने चालवावे लागतात. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेला ओटी बांधलेली बाई पऱ्हाटीच्या एका तासातून, म्हणजे ओळीतून, पुढे सरकते, दोन्ही हातांनी बोंडातून कापूस काढते, नखांजवळ बोंडाची वाळलेली टोकं टोचतात, ओटी भरली की धुऱ्याकडे जाऊन रिकामी करते आणि परत येते. तिचं काम कधी 'साचत' नाही. संध्याकाळी काटा, म्हणजे वजन, झालं की त्या दिवसाचा हिशोब संपला. म्हणून तिला "काम मागे पडतं का?" विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि ते खरंच आहे. "दिवसभर हात थांबवता येत नाही असं होतं का?" असं विचारलं तर पहिल्या फटक्यात हो म्हणेल.

2004 साली क्रिस्टेन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गाठ सोडवून दाखवली. प्रश्नावलीत वेगाचे प्रश्न जास्त घातले तर अंगमेहनतीचे, ठरावीक चालीचे व्यवसाय वर येतात. लांबलेल्या तासांचे आणि साचलेल्या कामाचे प्रश्न जास्त घातले तर साहेब लोक वर येतात. म्हणजे कोणावर जास्त भार आहे याचं उत्तर बरंचसं प्रश्न निवडणाऱ्याच्या हातात असतं. पुढच्या आवृत्तीत कामाचं प्रमाण आणि कामाची गती हे दोन स्वतंत्र गट झाले. एखाद्या सर्वेक्षणाचा अहवाल हाती आला, तर आकड्यांआधी त्यात हे दोन वेगळे ठेवलेत का ते बघावं.

वेगाच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे आणि ती खास आपल्याकडची आहे. "कामाचा वेग तुम्ही स्वतः ठरवता का?" हा ताब्याचा प्रश्न. किलोवर वेचणारी बाई म्हणते, "हो, आपल्याच मनाचं." वर कुणी घड्याळ लावून उभं नसतं, त्यामुळे उत्तर खोटंही नाही. कारासेकच्या चौकटीत मग ती 'भार जास्त, ताबाही जास्त' या चांगल्या कप्प्यात जाऊन बसते. खरं तर तिचा वेग दराने बांधलेला असतो. धानाच्या रोवणीचं काम ठेक्याने घेतलेल्या बायकांच्या टोळीचंही असंच: किती वेळात बांधी, म्हणजे धानाचं खाचर, उरकायची ते त्याच ठरवतात, पण आज ही उरकली नाही तर उद्या दुसरी मिळत नाही. म्हणून जिथे मजुरी किलोवर किंवा ठेक्यावर आहे तिथे ताब्याच्या प्रश्नाला जोडून लगेच विचारावं: "एक दिवस हळू काम केलं तर काय कमी होतं?" पैसे कमी होतात, मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नाही, टोळीतल्या बाया बोलतात, असं यातलं काही उत्तरात आलं तर त्या 'हो'ला पूर्ण गुण देऊ नयेत.

मनाला लागणारं काम

भावनिक भार आणि भावना लपवण्याचा भार हे दोन प्रकार लोक सर्रास एकत्र करतात. ते वेगळे आहेत.

भावनिक भार म्हणजे कामामुळे दुसऱ्याच्या दुःखाशी, आजाराशी, भांडणाशी थेट गाठ पडणं. आशा सेविका हे याचं ठळक उदाहरण. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिला नवजात बाळाच्या घरी सहा भेटी द्याव्या लागतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामातून पुढे आली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. भेटींचा तक्ता कागदावर सुटसुटीत दिसतो. पण बाळ दगावलं तरी ते घर तिच्याच वस्तीत असतं, त्या घरची बाई तिला रोज पाण्याला भेटते. ड्युटी संपली असं तिला म्हणता येत नाही. "कामामुळे मन हेलावणाऱ्या प्रसंगात तुम्ही सापडता का?" एवढा प्रश्न तिच्यासाठी पुरत नाही. "त्या माणसांशी कामाबाहेरही रोज गाठ पडते का?" हा प्रश्न खेड्यात जोडावाच लागतो. शहरी प्रश्नावलीत तो नसतो, कारण तिथे नर्स आणि पेशंट एका गल्लीत राहत नाहीत.

भावना लपवण्याचा भार वेगळा. अर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामावरून तो पुढे आणला: चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हाच नोकरीचा भाग. आपल्याकडे एसटीचा कंडक्टर घ्या. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. गच्च गाडीत आधार कार्ड बघायचं, मशीनमधून तिकीट काढायचं, सुट्ट्या पैशांवरून बोलणी खायची आणि आवाज चढू द्यायचा नाही. त्याच्या कामात दुःखाचे प्रसंग थोडे आणि गिळलेला राग जास्त. दोन्ही एकाच आकड्यात टाकले तर आशा आणि कंडक्टर सारखेच दिसतील. आशेला लागतो तो बोलायला जाणत्या माणसाचा आधार. कंडक्टरला जादा गाडी, सुट्टे पैसे आणि प्रवाशाने हात उगारला तर पाठीशी उभा राहणारा आगार. एकाचा उपाय दुसऱ्याच्या कामाचा नाही.

डोक्याचं आणि नजरेचं काम

बौद्धिक भारात लक्षात ठेवणं, निर्णय घेणं, एकदम अनेक गोष्टींवर ध्यान ठेवणं येतं. हा मोजायला तुलनेने सोपा आहे. त्याच्या जवळचा नजरेचा आणि सावधपणाचा भार मात्र अवघड, आणि तो आपल्याकडे बऱ्याच कामांत आहे: वाघाच्या क्षेत्रात गस्त घालणारा वनरक्षक, कोळसा खाणीतला डंपरचालक, विजेच्या खांबावरचा लाइनमन.

लाइनमनचं उदाहरण घेऊ. परमिट घेतलं, लाइन बंद झाली, तारेला अर्थिंग केलं, मग तो खांबावर चढला. प्रत्यक्ष धोक्याचा वेळ दिवसातला थोडाच. आता प्रश्न "किती वेळा?" असा असेल तर उत्तर 'कधी कधी' येईल आणि गुण मधलेच पडतील. पण त्या 'कधी कधी'त उलटा पुरवठा आला, कुणाच्या घरच्या जनरेटरमधून किंवा दुसऱ्या फीडरवरून, तर जीव जातो. वारंवारतेच्या प्रश्नांना चुकीची किंमत कळत नाही. म्हणून अशा कामांसाठी एक जादा प्रश्न हवा: "क्षणभर लक्ष उडालं तर काय होऊ शकतं?" आणि पर्याय असे: काही नाही, काम परत करावं लागेल, नुकसान होईल, कुणाला इजा होईल, जीव जाईल. हा आकडा वेगळाच ठेवायचा, वारंवारतेत मिसळायचा नाही.

वाट पाहणं हाही भार आहे. कापूस खरेदी केंद्रावर रांगेत लावलेल्या गाडीचा ड्रायव्हर काहीच करत नसतो, पण हलूही शकत नाही. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करणारा माणूस लाइट कधी येईल याकडे कान लावून वावरात बसतो. बहुतेक प्रश्नावल्या असं बसणं शून्य धरतात. त्यात बदल करायला हवा.

गुण कसे द्यायचे

प्रत्येक प्रकाराला तीन-चार प्रश्न पुरतात. पर्याय पाच: नेहमी, बरेचदा, कधी कधी, एखाद वेळी, कधीच नाही. गुण 100, 75, 50, 25, 0. एका प्रकारातल्या प्रश्नांची सरासरी म्हणजे त्या माणसाचा त्या प्रकारातला भार.

समजा एका आशेला कामाच्या प्रमाणाचे तीन प्रश्न विचारले. "काम साचतं का?" बरेचदा, म्हणजे 75. "सगळी कामं निपटायला वेळ कमी पडतो का?" नेहमी, 100. "कामाला पुरेसा वेळ मिळतो का?" एखाद वेळी. इथे थांबायचं. या प्रश्नात 'नेहमी' म्हणजे भार कमी. हा उलटा प्रश्न आहे, तेव्हा गुणही उलटे: नेहमीला 0 आणि कधीच नाहीला 100. 'एखाद वेळी'चे 25 नव्हे, 75 होतात. बेरीज 250, सरासरी 83.

उलटा प्रश्न उलटवायला विसरणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. ती पकडायची खूण अशी: बाकीच्या प्रश्नांत ज्यांचे गुण वर आहेत, त्यांचेच या एका प्रश्नात खाली दिसतात, आणि सगळ्या व्यवसायांची सरासरी संशयास्पदरीत्या 50 च्या आसपास गोळा होते. एखादा प्रश्न सुटला असेल तर किमान अर्ध्या प्रश्नांची उत्तरं असल्यावरच सरासरी काढावी. तीनपैकी एकच मिळालं असेल तर त्या माणसाचा तो प्रकार रिकामा सोडावा. शून्य लिहू नये. संगणकावर रिकामी जागा कधी कधी आपोआप शून्य धरली जाते आणि जड काम हलकं होऊन बसतं.

प्रकारांची एकत्र बेरीज मात्र करू नये. मानलेले आकडे घेऊन बघा. वेचणाऱ्या बाईचे गती 90, प्रमाण 60, बौद्धिक 25, भावनिक 25. आशेचे गती 40, प्रमाण 50, बौद्धिक 45, भावनिक 65. दोघींची सरासरी 50. तक्त्यात दोघी सारख्या, आणि शासनाने उपाय म्हणून दोघींसाठी एकच 'ताणमुक्ती शिबिर' ठेवलं, तर वेचणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरीही बुडाली. तूर किलोने आणि तेल लिटरने मोजून दोन्हींची बेरीज मांडण्यातला हा प्रकार. प्रत्येक व्यवसायाचे चार-पाच आकडे शेजारी शेजारी ठेवावेत, एवढंच.

झिगरिस्टच्या पद्धतीचं गुणोत्तर वापरायचं असेल तर तिच्या आखूड आवृत्तीत कष्टाचे 3 आणि मोबदल्याचे 7 प्रश्न असतात. दोन्हीकडे प्रश्नांची संख्या सारखी नसल्याने मोबदल्याच्या बेरजेला 3/7 ने गुणतात आणि येईल त्या आकड्याने कष्टाच्या बेरजेला भागतात. उत्तर 1 पेक्षा जास्त आलं तर मोबदल्यापेक्षा कष्ट जास्त. हे गुणणं गाळलं तर मोबदल्याची बाजू फुगते आणि सगळेच सुखी दिसतात. आशांसारख्या कामावर आधारित मोबदल्याच्या व्यवस्थेत हे माप उपयोगी पडतं. तिथे पगार नसतो, ठरावीक मानधनासोबत कामागणिक दर असतो आणि पैसा उशिरा आला की मोबदल्याची बाजू खाली जाते.

व्यवसाय म्हणजे नेमका कोणता?

तुलना व्यवसायांची करायची तर आधी प्रत्येकाला व्यवसायाचा कोड द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयएससीओ-08 मध्ये, सामुदायिक आरोग्य सेविका 3253, प्राथमिक शिक्षक 2341, गाडीचा कंडक्टर 5112, वीजवाहिनीचं काम करणारा 7413, पिकांच्या शेतातला मजूर 9211. भारताचं 2015 चं राष्ट्रीय वर्गीकरण याच सांगाड्यावर उभं आहे.

अडचण 9211 वर येते. किलोवर वेचणारी बाई, रोजाने निंदणाला जाणारी बाई आणि वर्षभरासाठी बांधलेला सालदार, तिघांचा कोड एकच. पहिलीला वेग मारतो, दुसरीला वेळ ठरलेली आहे, आणि सालदाराला मालकाच्या बोलावण्याला रात्री-बेरात्री नाही म्हणता येत नाही. तिघांची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो तिघांपैकी कुणाचाच नसतो. म्हणून कोडासोबत मजुरीचा प्रकार लिहून घ्यावा: रोज, किलो, ठेका, साल. हा एक रकाना वाढवला की अर्धा गोंधळ मिटतो.

दुसरं, खेड्यात एका माणसाचं एकच काम नसतं. सकाळी अंगणवाडीत मदतनीस असलेली बाई दुपारनंतर वेचणीला जाते. तिला "तुमचं काम" म्हटलं की ती कोणत्या कामाबद्दल बोलते आहे ते विचारणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक प्रश्नाआधी कामाचं नाव घ्यावं, आणि दुसरं काम असेल तर निदान वेगाचा आणि प्रमाणाचा गट दुसऱ्यांदा विचारावा.

तिसरं, हंगाम. सीतादहीपासून (पहिल्या वेचणीची पूजा) फरदडीपर्यंत (हंगामानंतर राखलेल्या पऱ्हाटीचा कापूस) वेचणीचा भार एकसारखा नसतो. तेंदूपत्त्याचं काम उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांचं. रोवणी पावसाळ्यातली. "साधारणपणे" असा प्रश्न विचारला तर माणूस नुकतं जे केलं त्याचीच सरासरी सांगतो. "मागच्या चार आठवड्यांत" अशी मुदत घालावी आणि प्रत्येक व्यवसायाची मोजणी त्याच्या भर हंगामात एकदा, मोकळ्या दिवसांत एकदा अशी दोनदा करावी. एकाची भर हंगामातली आणि दुसऱ्याची रिकाम्या दिवसांतली मोजणी शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे निव्वळ दिशाभूल.

आणि व्यवसायाच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, तेही प्रकारावर अवलंबून आहे. डेन्मार्कमधल्या अभ्यासांत दिसतं की भावनिक भार नुसत्या व्यवसायावरून बराचसा ओळखता येतो. कामाचं प्रमाण तसं ओळखता येत नाही. ते त्या त्या ठिकाणावर ठरतं. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या जागा भरलेल्या आहेत, शेजारच्या केंद्रात निम्म्या रिकाम्या. पद तेच, ढीग वेगळा. म्हणून प्रमाणाचा आकडा 'शिक्षकांचा' किंवा 'आशांचा' म्हणून सांगताना जरा जपूनच.

किती माणसं विचारायची, हा नेहमीचा प्रश्न. अशा गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण 20 असेल आणि 30 जणांना विचारलं, तर सरासरीत वर-खाली 7 गुणांची अनिश्चितता राहते. 100 जणांना विचारलं तर 4 ची. 30-30 च्या दोन गटांत 5 गुणांचा फरक दिसला तर त्यावर काही बोलू नये. अशा दोन गटांतला फरक 10 च्या आसपास गेल्यावरच त्याला वजन येतं. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा वेगळा छापू नये. आकडेशास्त्र बाजूला ठेवलं तरी, गावात सहाच कर्मचारी असताना 'सर्वांत असमाधानी' कोण ते दुसऱ्या दिवशी चौकात ठाऊक झालेलं असतं.

प्रश्न विचारताना जे बिघडतं

सुपरवायझर, मुकादम किंवा आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक समोर असताना भरलेली प्रश्नावली कचऱ्यात जमा समजावी. आशांची महिन्याची बैठक हे सोयीचं ठिकाण वाटतं, सगळ्या एकत्र सापडतात. पण बैठकीला आलेल्या म्हणजे त्या दिवशी कुणाच्या बाळंतपणात अडकल्या नाहीत त्या. सगळ्यात जास्त कामात असलेल्या तिथे नसतातच. तसंच वेचणीच्या वावरात फक्त जिला अजून ते काम झेपतं तीच सापडते. कंबर गेली म्हणून जी घरी बसली तिचं उत्तर येत नाही आणि काम आहे त्याहून हलकं दिसतं. मागच्या हंगामात काम सोडलेल्या काहींना शोधून विचारणं हा यावर एकमेव प्रामाणिक मार्ग.

वाचून दाखवायचं असेल तर पाच पर्याय तोंडी लक्षात राहत नाहीत. पाच वर्तुळं काढलेलं कार्ड हाती द्यावं, रिकाम्यापासून पूर्ण भरलेल्यापर्यंत, आणि बोट ठेवायला सांगावं. "वेळ मिळत नाही असं कधी होत नाही का?" असले दुहेरी नकार काढून टाकावेत, उत्तर देणाऱ्याचं जाऊ द्या, विचारणाराही त्यात अडकतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारा माणूस विचारायला हवा. प्रश्न वीस-पंचवीसच ठेवावेत. संध्याकाळी वावरातून परतलेल्या बाईला चूल पेटवायची असते, पंधरा मिनिटांपलीकडे ती सगळ्यालाच 'हो' म्हणत सुटते.

एक पारख तक्ता करण्याआधी करावी. एकाच प्रकारात एकूण गुण सारखे असलेल्या दोन व्यवसायांतल्या माणसांची एकेका प्रश्नाची उत्तरं ताडून बघावीत. एकूण भार सारखा असूनही "काम साचतं का?" याला सगळे शिक्षक वर आणि सगळ्या मजूर बाया खाली जात असतील, तर तो प्रश्न भार मोजत नाही, कामाचा घाट मोजतो. असा प्रश्न दोन व्यवसायांच्या तुलनेतून काढावा. एकाच व्यवसायात गावागावांची तुलना करायला तो चालतो.

शेतकरी या मापात नीट बसत नाही, हे सरळ मान्य करावं. या सगळ्या प्रश्नावल्या कुणीतरी मालक, कुणीतरी वरिष्ठ धरून चालतात. "तुमचे वरिष्ठ मदत करतात का?" याला स्वतःच्या वावरात राबणारा काय सांगणार? त्याचा भार पावसाचा, भावाचा, कर्जाच्या हप्त्याचा. त्याच्यासाठी अनिश्चिततेचे प्रश्न वेगळे लिहावे लागतात आणि त्याचा आकडा नोकरदारांच्या शेजारी ठेवू नये. शिवाय ही प्रश्नावली नैराश्य मोजत नाही, आत्महत्येचा धोका तर मुळीच नाही. पण विचारता विचारता एखादा तसं बोलून जातो. प्रश्न विचारणाऱ्याच्या कागदावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक लिहिलेला असावा. तसं काही ऐकलं तर प्रश्नावली तिथेच बाजूला ठेवावी, त्या माणसाला एकटं न सोडता तिथूनच फोन लावून द्यावा.

काही बदल करून पुन्हा मोजायचं असेल, म्हणजे समजा वेचणीच्या टोळीत काट्याची वेळ बदलली किंवा आशांच्या भेटींची नोंद दोनऐवजी एकाच ठिकाणी करायचं ठरलं, तर दुसरी मोजणी त्याच हंगामात, त्याच प्रश्नांनी, शक्य असेल तर त्याच माणसांची करावी. पहिली डिसेंबरात आणि दुसरी मेमध्ये घेतली तर वेगाचे गुण आपोआप उतरलेले दिसतील, आणि श्रेय भलत्याच उपायाला जाईल.